अनुभवाच्या जोरावर सहा महिन्यांत एमए होतं का?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातली. २०१२ साली अमरावती विद्यापीठातून बीए केलं. २०१४ मध्ये बाहेरून बसून समाजशास्त्रात एमए भाग एक पास झाले, मग मुलगी झाली आणि पुढचं राहून गेलं. नऊ वर्षांपासून बचत गटांच्या कामात आहे. आधी सीआरपी, म्हणजे गावात गटांचं काम बघणारी कार्यकर्ती होते, आता प्रभागसंघाची, म्हणजे अनेक गावांतल्या गटांच्या संघाची, व्यवस्थापक आहे. वरच्या जागेसाठी पदव्युत्तर पदवी मागतात. एका सेंटरवाल्याने सांगितलं की नव्या शैक्षणिक धोरणात अनुभवाचे क्रेडिट मिळतात, एक ऑनलाइन परीक्षा द्यायची, सहा महिन्यांत एमए हातात, खर्च ४५ हजार. मी त्याला ५ हजार आणि बीएची मूळ गुणपत्रिका देऊन बसले आहे. यूट्यूबवरही परीक्षा देऊन झटपट डिग्री घेतल्याचे व्हिडिओ आहेत. माझी नऊ वर्षं आणि ते भाग एक कुठे धरले जातात का? गावात नेट धड चालत नाही, हेही लक्षात घ्या.

उत्तर :

ताई, बाकी सगळं मागाहून, आधी ती गुणपत्रिका परत आणा. कोणत्याही मान्य विद्यापीठाला प्रवेशासाठी मूळ कागद महिनोन्‌महिने ठेवून घ्यायची गरज नसते. स्कॅन लागतो, पडताळणीच्या दिवशी मूळ प्रत दाखवायची आणि घरी न्यायची. सेंटरवर एकट्या जाऊ नका, सोबत कोणाला तरी न्या. गुणपत्रिका आणि ५ हजार परत मागणारा अर्ज लिहून न्या आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसेल तर तोच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे तारखेसकट पुरावा राहील. पैसे फोनवरून दिले असतील तर व्यवहाराचा क्रमांक आजच लिहून ठेवा. टाळाटाळ झाली तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. ऑनलाइन पैसे देऊन फसगत झाली असेल तर १९३० हा क्रमांक आहे, पण तिथे जितक्या लवकर कळवाल तितका उपयोग. गुणपत्रिका मिळालीच नाही तर त्या तक्रारीची प्रत आणि प्रतिज्ञापत्र जोडून विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे दुय्यम प्रत मागता येते. त्याने बोलता बोलता मागच्या तारखेची गुणपत्रिका काढून देण्याची गोष्ट केली असेल तर तिथे एक मिनिटही थांबू नका. तो कागद नोकरीच्या पडताळणीत पकडला जातो, आणि तेव्हा आरोपी तुम्ही असता, तो नसतो.

आता मूळ प्रश्न. सहा महिन्यांत एमए होत नाही. तीन वर्षांच्या बीएनंतर एमए दोन वर्षांचंच असतं, मग ते कॉलेजात बसून करा, दूरशिक्षणाने करा की ऑनलाइन. एका वर्षाचं एमए आता निघालं आहे, पण ते चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांसाठी आहे. मधली पायरी गाळलेली पदवी कोर्टातही टिकत नाही. खालची पदवी नसताना मुक्त विद्यापीठातून थेट घेतलेलं एमए नेमणुकीसाठी चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अण्णामलाई विद्यापीठाच्या प्रकरणात २००९ मध्येच सांगितलं. तुमच्याकडे बीए आहे, म्हणजे तुमचा पाया पक्का आहे. तो सोडून भलत्या वाटेला लागायचं कारणच नाही.

सेंटरवाला बोलतो त्यात खऱ्याचा एक तुकडा आहे, म्हणून माणसं फसतात. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. शाळा, कौशल्य प्रशिक्षण, कामाचा अनुभव हे सगळं क्रेडिटमध्ये मोजता येईल, साधारण ३० तासांचं शिकणं म्हणजे एक क्रेडिट, असं त्यात मांडलं आहे. पण आराखडा आला म्हणजे विद्यापीठाच्या खिडकीवर अनुभवाचा दाखला देऊन एमएचे क्रेडिट मिळू लागले असं नाही. त्यासाठी विद्यापीठाने स्वतःचा नियम करावा लागतो, मूल्यमापन करावं लागतं, आणि एमएच्या पातळीवर ही व्यवस्था सहसा सापडत नाही. आज पूर्वज्ञानाची मान्यता खऱ्या अर्थाने चालते ती कौशल्याच्या प्रमाणपत्रांत: शिवणकाम, गवंडीकाम, शेतीतली कामं. अशा प्रमाणपत्रावर पातळीचा आकडा छापलेला असतो, बहुतेक वेळा ३, ४ किंवा ५. एमए पूर्ण झाल्याची पातळी ६.५ आहे. कोणी असं प्रमाणपत्र एमएच्या बरोबरीचं म्हणून दाखवलं तर बोट त्या आकड्यावर ठेवा.

यूट्यूबवरचे ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतल्या शिक्षणाचे असतात. तिथे कॉलेज बोर्डाच्या क्लेपसारख्या परीक्षा आहेत. घरी अभ्यास करून परीक्षा पास झालं की त्या विषयाचे क्रेडिट मिळतात, पण ते बॅचलर पदवीसाठी. मास्टर्सला तिथेही ही सवलत जवळजवळ नाही, फार तर दुसऱ्या विद्यापीठात केलेले दोन-चार विषय धरले जातात. परीक्षेतून दार उघडणारे खरे मास्टर्स कार्यक्रमही आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाचं बोल्डर केंद्र कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर डेटा सायन्स आणि संगणकशास्त्राचं मास्टर्स देतं. तिथे आधीची पदवी न बघता सुरुवातीचे ठरावीक विषय चांगल्या श्रेणीत पास झालात की प्रवेश मिळतो, पण फी डॉलरमध्ये आहे आणि भारताच्या हिशेबाने लाखांत जाते. तुमच्या कामाच्या जवळचं म्हणाल तर अमेरिकेतल्या एमआयटीचा धोरण आणि अर्थशास्त्राचा मायक्रोमास्टर्स हा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. २०१९ चं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्यात शिकवतात, परीक्षा देखरेखीखाली होते, फी उत्पन्न पाहून ठरते. गरिबी आणि विकासावरचं शिक्षण म्हणून तो उत्तम आहे. मात्र ते मास्टर्स नाही, त्याच्या पुढचं एमआयटीचं मास्टर्स अमेरिकेत जाऊन करावं लागतं, आणि अभ्यास इंग्रजीतून, संख्याशास्त्रासकट आहे. शिवाय परदेशी पदवी इथे सरकारी किंवा अनुदानित जागेसाठी वापरायची तर समकक्षता प्रमाणपत्र लागतं, आणि ऑनलाइन पदवीला ते मिळवताना अडचण येते. तुमचा हेतू इथली वरची जागा आहे. त्यासाठी ही वाट धरू नका.

भाग एकचं दुःख मला समजतं, एक अख्खं वर्ष त्यात गेलं आहे. तरी त्यावर आशा ठेवून थांबू नका. क्रेडिट साठवायची बँक, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स (एबीसी), २०२१ मध्ये सुरू झाली. त्यात २०२१-२२ पासून पुढे मिळवलेलेच क्रेडिट चालतात, तेही जास्तीत जास्त सात वर्षं. तुमचं भाग एक वार्षिक पद्धतीचं, गुणांचं. ते क्रेडिटच नाहीत. एकदा अमरावतीला विद्यापीठात गुणपत्रिका दाखवून विचारायला हरकत नाही, पण लेखी उत्तर मिळालं तरच धरा. अभ्यासक्रम इतक्यांदा बदलला आहे की बहुधा नव्यानेच सुरू करावं लागेल.

मग उरतं काय? बरंच उरतं.

तुमच्या परिस्थितीत ऑनलाइन पदवीपेक्षा दूरशिक्षणाची पदवी मला जास्त योग्य वाटते. ऑनलाइन कार्यक्रमात काही ठिकाणी परीक्षा घरी कॅमेऱ्यासमोर द्यावी लागते. लॅपटॉप हवा, तीन तास नेट तुटता कामा नये, लाइट जाता कामा नये. गावात याची हमी कोण देणार? दूरशिक्षणात छापील पुस्तकं आणि केंद्रावर बसून लेखी परीक्षा. मान्यतेच्या बाबतीत फरक नाही: मान्य संस्थेची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, ग्रामीण विकासातलं एमए तुमच्या कामाला धरून आहे. कोणताही पदवीधर त्याला प्रवेश घेऊ शकतो, हिंदीतून करता येतं, कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षांत संपवायचं. विभागीय केंद्र नागपूरला आहे. मराठीतूनच लिहायचं असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाकडे पाहा, त्याची विभागीय केंद्रं अमरावती आणि नागपूर दोन्हीकडे आहेत, पण विषय तुमच्या जागेला चालणारा आहे का ते तपासा. फॉर्म भरण्याआधी एक काम कराच. ज्या जागेसाठी हे सगळं चाललं आहे तिची मागची जाहिरात मिळवा आणि पात्रतेचे शब्द अक्षरशः वाचा. ‘एमएसडब्ल्यू’ (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) एवढंच लिहिलं असेल तर ग्रामीण विकासाचं एमए बाद होईल. ‘एमएसडब्ल्यू किंवा ग्रामीण विकास’ किंवा ‘कोणत्याही शाखेची पदव्युत्तर पदवी’ असेल तर प्रश्न नाही. फक्त एमएसडब्ल्यूच हवं असेल तर इग्नूकडे तेही आहे, पण त्यात क्षेत्रकार्य सक्तीचं असतं, त्याचे तास आणि अहवाल वेगळे.

मान्यता कशी बघायची? यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर संस्थांची यादी असते. नुसतं विद्यापीठाचं नाव सापडलं की माणसं समाधानी होतात, आणि तिथेच चुकतात. मान्यता कार्यक्रमागणिक आणि सत्रागणिक असते. म्हणून विद्यापीठ, नेमका विषय आणि तुम्ही प्रवेश घेणार ते सत्र, तिन्ही एका ओळीत जुळले पाहिजेत. फी थेट विद्यापीठाच्या पोर्टलवर भरायची, पावती तुमच्या नावाने निघाली पाहिजे. फ्रँचायझी देऊन पदवी विकायला नियमात मनाई आहे, त्यामुळे ‘आमच्या सेंटरमधून ॲडमिशन’ हे शब्द ऐकले की उठायचं. यूजीसी बनावट विद्यापीठांची वेगळी यादीही काढते, तिच्यात नागपूरचंही एक नाव वर्षानुवर्षं आहे.

२०२४ पासून दूरशिक्षण आणि ऑनलाइन प्रवेशाला डीईबी आयडी, म्हणजे याच ब्युरोचा ओळख क्रमांक, लागतो. आधी डिजिलॉकर, त्यातून अपार म्हणजेच एबीसी आयडी, मग त्याच्या आधारावर ब्युरोच्या संकेतस्थळावर डीईबी आयडी, आणि तो घालून विद्यापीठाचा फॉर्म. फोनवर अर्ध्या तासाचं काम आहे, स्वतः करा. सीएससी सेंटरवर केलंत तरी मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच टाका, सेंटरवाल्याचा टाकला की पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच्या हातात जातो.

लग्न झालेल्या बायांचं घोडं इथे हमखास अडतं. बीएच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. एबीसी आयडी आधारच्या नावाने निघतो, प्रवेश अर्जात मात्र गुणपत्रिका जोडायची असते, आणि दोन नावं जुळली नाहीत की अर्ज परत. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र नसेल तर आताच काढा, ग्रामपंचायत हद्दीतलं लग्न ग्रामसेवकाकडे नोंदवता येतं. नावात बदल मोठा असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव-बदलाची जाहिरात द्या, अर्ज ऑनलाइन होतो. राजपत्राचं ते पान पीडीएफ करून फोनमध्ये कायमचं ठेवा, ते पदवी घेईपर्यंत लागत राहणार. आणि प्रवेश ज्या नावाने घ्याल त्याच नावाने पदवी छापून येते, म्हणून पुढे नोकरीत जे नाव लावायचं तेच आता लावा.

परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायचा जो कायदेशीर मार्ग आपल्याकडे आहे तो म्हणजे स्वयम, केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं संकेतस्थळ. अभ्यासक्रम फुकट, परीक्षेलाच फी. २०२१ च्या नियमाप्रमाणे विद्यापीठाने मान्य केलं तर एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करता येतात. समजा सत्र २२ क्रेडिटचं आहे, तर ८ क्रेडिट, म्हणजे चार-चार क्रेडिटचे दोन विषय. यात दोन वर्षांची दीड वर्षं होत नाहीत, पण आपल्या सवडीने शिकता येतं आणि परीक्षांचा भार विभागतो. क्रम मात्र उलटा करू नका. आधी विद्यापीठात नाव, मग कोणता स्वयम विषय कोणत्या पेपरच्या जागी चालेल हे लेखी विचारायचं, मग नोंदणी. हौसेने आधीच चार प्रमाणपत्रं गोळा करून नेली तर विद्यापीठ ती नाकारू शकतं. बारा आठवड्यांच्या विषयात दर आठवड्याचा स्वाध्याय ठरलेल्या तारखेच्या आत टाकावा लागतो. परीक्षा शेवटी केंद्रावर जाऊन द्यायची, आणि तिचा फॉर्म वेगळा भरायचा असतो. तो राहिला की सगळे आठवडे पाण्यात. तालुक्याला मीटिंगला जाल तेव्हा व्हिडिओ उतरवून घ्या, सोबतचं वाचायचं साहित्य पीडीएफमध्ये असतं ते प्रिंट करा.

इग्नूत पदव्युत्तर डिप्लोमाही आहे. ग्रामीण विकासाच्या डिप्लोमाचे विषय एमएच्या विषयांशी जुळणारे आहेत, म्हणून दोन वर्षं एकदम झेपतील का अशी धाकधूक असेल तर आधी डिप्लोमा घेऊन पुढे एमएला जाण्याची अट माहितीपुस्तिकेत वाचून घ्या. पण तुमची मजल एमएचीच आहे, तर मी म्हणेन थेट एमएला नाव घाला आणि चार वर्षांची मुदत नीट वापरा.

ती वापरायची कशी? इग्नूची सत्रांत परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये असते. जून म्हणजे आपल्याकडे पेरणी, डिसेंबर म्हणजे पऱ्हाटी वेचणी आणि तूर. सगळे पेपर एकाच खेपेला द्यायची सक्ती नाही. तुमच्या वावरात पेरणीचा ताण जास्त असेल तर जूनला दोनच द्या, बाकीचे डिसेंबरला. स्वाध्याय मात्र पावसाळ्यापूर्वी घरात बसून संपवता येतात, फक्त जमा करायची शेवटची तारीख आधी बघून ठेवा. प्रत्येक विषयाला स्वाध्यायाचे ३० टक्के आणि लेखीचे ७० टक्के असा साधारण हिशेब, आणि पास व्हायला दोन्हीकडे स्वतंत्र ४० टक्के. पण ४० वर समाधान मानू नका. पुढे कधी नेट-सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा द्यावीशी वाटली तर एमएला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५०. स्वाध्यायात १०० पैकी ८० मिळवले तर त्याचे २४ झाले, मग लेखीत १०० पैकी ४५ पडले तरी त्याचे साडेएकतीस, बेरीज साडेपंचावन्न. स्वाध्याय किती तारतो बघा. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारे सोडवलेले स्वाध्याय उतरवू नका. तीच उत्तरं तपासणाऱ्याने शंभरदा पाहिलेली असतात. जमा करण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढा आणि पोच जपा. गुण वेळेवर चढत नाहीत ही नेहमीची तक्रार आहे, आणि पोच नसेल तर सगळं पुन्हा लिहावं लागतं.

तुमची नऊ वर्षं खऱ्या अर्थाने कामाला येतील ती दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधात. इथे कॉलेजातून सरळ आलेली मुलं चाचपडतात, कारण त्यांना गाव माहीत नसतं. तुमच्याकडे विषय घरात आहे. उदाहरणार्थ, दोन ग्रामसंघ, म्हणजे गावातल्या गटांचे संघ, घ्या, एक ओलिताचा आणि एक कोरडवाहू गावातला. तीन वर्षांची कर्ज-नोंदवही काढा. कोणत्या महिन्यात कर्ज उचललं, कशासाठी, परतफेड कापूस विकल्यावर झाली की मजुरीतून, कोणत्या महिन्यांत हप्ता थकला. ६० जणींशी बोला, त्यात हप्ता थकलेल्याही असू द्या. नुसत्या चांगल्या गटांवर प्रबंध लिहिला की तो कार्यालयीन अहवाल होतो. प्रभागसंघाच्या बैठकीत ठराव घेऊन नोंदी वापरायची लेखी परवानगी घ्या, बायांची नावं लिहू नका. प्रस्ताव बहुतेक वेळा परत येतो तो मार्गदर्शकाची सही किंवा त्यांची शैक्षणिक माहिती जोडली नाही म्हणून, किंवा विषय ‘महिला सक्षमीकरण : एक अभ्यास’ असा मोघम ठेवला म्हणून. गावाचा तालुका, कालावधी आणि नेमका प्रश्न शीर्षकात आला पाहिजे. मार्गदर्शक पहिल्या वर्षातच हेरून ठेवा, यवतमाळ किंवा अमरावतीच्या कॉलेजातले समाजकार्य अथवा अर्थशास्त्राचे प्राध्यापक पाहा आणि ते विद्यापीठाच्या अटीत बसतात का विचारून घ्या.

आणखी एक कागद याच महिन्यात तयार करा. नऊ वर्षांच्या कामाचा दाखला. पदवी देताना त्याचे क्रेडिट मिळणार नाहीत, पण मुलाखतीत अनुभवाचे गुण बहुधा वेगळे असतात. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणतं पद, किती गावं, किती गट, बँक-कर्ज जोडणीत तुमचा वाटा काय, हे सगळं लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि सही-शिक्क्यासह घ्या. सीआरपी म्हणून केलेल्या वर्षांचा दाखला ग्रामसंघ किंवा प्रभागसंघाकडून आणि व्यवस्थापक पदाचा बचत गटांचं काम बघणाऱ्या तालुका कक्षाकडून, असे दोन वेगळे मागा. तिथले अधिकारी कंत्राटावर असतात, बदलून जातात, आणि नंतर आलेला माणूस २०१७ च्या कामावर सही करायला तयार होत नाही. मानधन जमा झालेल्या बँक पासबुकाची ती पानंही झेरॉक्स करून सोबत लावा.